पोरीला गोव्याला पाठवू का?

*ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला शेतकरी. केळी आणि थोडा कापूस आहे. मुलगी जळगावात हॉटेल मॅनेजमेंट आणि टुरिझमच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. कॉलेजची शैक्षणिक सहल गोव्याला जाते आहे, सहा दिवस, १६,५०० रुपये. मागच्या वर्षीच्या पोरांचे फोटो मोबाइलवर पाहिले, सगळे समुद्रातले. माझी आई म्हणते, "हिंडाले इतला पैसा कसाले लागस?" मुलगी म्हणते, सगळे जाताहेत, नाही गेले तर मार्क जातील. मला वाटतं, शिकायचंच असेल तर अजिंठा आपल्या उशाशी आहे, गोवाच कशाला? पाठवू की नको, तेवढं सांगा.*
*– एक बाप*

भाऊ, आधी तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा सरळ आहे आणि त्याला उत्तरही सरळच द्यायला हवं.

पाठवा. पण पैसे उद्याच भरू नका. आधी कॉलेजला एक फोन करायचा आहे. त्याचं पुढे सांगते.

मी अमळनेरची. आमच्यासाठी हॉटेल म्हणजे बस स्टँडसमोरचं, चहा-भज्यांचं. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला लागले, तेव्हा तशा इमारतीत पाहुणी म्हणून मी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. एका पाळीत १४-१५ खोल्या करायच्या. चादर अशी ताणायची की सुरकुती दिसता कामा नये, कोपरे पाकिटासारखे दुमडायचे. हात बसला, शाबासकीही मिळाली. सहा वर्षांनी आम्हा चौघींना दुसऱ्या गावच्या हॉटेलात दोन रात्री पाहुण्या म्हणून ठेवलं. पहिल्या रात्री दिव्याचं बटण शोधत मी अंधारात भिंत चाचपत बसले. सकाळी ओल्या हातानं साबणाचा कागद फाटेना. चहाची किटली होती, पण तिची वायर पोहोचेल असा प्लग टेबलाजवळ नव्हता, मग जमिनीवर बसून चहा केला. आणि ती चादर! इतकी घट्ट खोचलेली की पाय घालायला अख्खी उपसावी लागली. सहा वर्षं मी लोकांना असल्याच पलंगांत कोंबत होते आणि वर शाबासकी घेत होते.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते एका रिकाम्या खोलीत शिरून दिवे बंद करून पलंगावर आडवं होण्याचं. सुपरवायझर रागावली. पण त्यानंतर आमच्या मजल्यावरच्या खोल्यांच्या तक्रारी कमी झाल्या, हे तिनंच नंतर सांगितलं.

या शिक्षणाला मुंबई-पुण्याची जी पोरं येतात, त्यातली बरीच लहानपणापासून आईबापांबरोबर हॉटेलात राहिलेली असतात. खोली तयार नाही म्हणून लॉबीत दीड तास बसलेल्या माणसाला किती राग येतो, नाश्ता साडेदहाला बंद होतो आणि कुणी दहा चाळीसला पोहोचतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, हे त्यांना पुस्तकाच्या आधीच ठाऊक असतं. तुमच्या मुलीसारख्या पोरी हॉटेलात पहिल्यांदा शिरतात त्या ट्रेनिंगच्या दिवशी, गणवेश घालून, मागच्या दारानं. ज्या वस्तूचा धंदा करायचा ती वस्तू कधी स्वतः वापरलेलीच नाही, अशी त्यांची गत. पाच रात्रींत ही उणीव भरून निघत नाही. पण एकदा तरी कुणीतरी खोलीची चावी तिच्या हातात देईल.

पाहुणचार आम्हाला कोण शिकवणार, असं तुम्ही मनात म्हणाल. खानदेशात पाहुणा आला की भरीत होतं, कळण्याची भाकरी होते, ताटावर आडवा हात धरला तरी वरून वाढलं जातं. पण भाऊ, हॉटेलात नेमका हा आग्रह चालत नाही. पुढे मी हेच शिकवायला लागले. माझ्या एका विद्यार्थ्यानं, धरणगावकडचा, अगदी गुणी मुलगा, ट्रेनिंगमध्ये एका परदेशी आजोबांना 'अजून घ्या, अजून घ्या' करत तीनदा सूप वाढलं. आजोबांनी नम्रपणे सगळं संपवलं आणि रात्री डॉक्टर बोलवावा लागला. घरी आपण ठरवतो पाहुण्यानं काय खायचं. तिथे पाहुणा ठरवतो आणि आपण ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. वर्गात हे सांगून कळत नाही. स्वतः टेबलाशी बसून, वाढणारा जवळ येतो तेव्हा आणि येत नाही तेव्हा आपल्याला काय वाटतं, हे अनुभवलं की कळतं.

आता ते समुद्रातले फोटो. ते तसेच असणार. हॉटेलच्या मागच्या बाजूला, म्हणजे किचन, स्टोअर, लाँड्री, कचऱ्याची खोली, तिथे बहुतेक ठिकाणी फोटो काढूच देत नाहीत. आणि दिले तरी कोणती पोरगी कांद्याच्या पोत्यांसमोर उभी राहून फोटो टाकेल? फोटोंवरून सहलीची परीक्षा करू नका. संध्याकाळी पोरं समुद्रात गेली तर जाऊ द्या, वीस वर्षांची आहेत ती. (तसा पर्यटनाचा धंदाही सहलीतूनच उभा राहिला. ५ जुलै १८४१ ला थॉमस कुक नावाच्या इंग्रजानं पाचेकशे माणसं एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला रेल्वेनं नेली, तिथून पुढे त्याची जगप्रसिद्ध कंपनी झाली. ती सहल दारूबंदीच्या सभेला निघाली होती, हे गोव्याला निघालेल्या पोरांना जरूर सांगावं.)

खरी किंमत आहे ती त्या मागच्या दाराची. तुमच्याच मालावरून सांगते. हॉटेलला माल येतो तो मागच्या धक्क्यावर. तिथे काटा असतो, एक माणूस पावती आणि माल ताडून बघतो. केळी आली की तो फण्या तीन ठिकाणी लावतो, आज लागणारी, उद्याची, परवाची. सगळा माल एकदम पिकून आला तर तो परत पाठवतो, भाव कितीही पाडून दिला तरी. का, तर सकाळच्या नाश्त्याच्या टेबलावर काळे ठिपके पडलेलं केळं कुणी उचलत नाही. मग तीच केळी मागे केकमध्ये जातात, शेकमध्ये जातात किंवा कर्मचाऱ्यांच्या जेवणात. तुम्ही घड कापताना जे बघता, तेच तो माणूस दुसऱ्या टोकाला उभा राहून बघत असतो.

आणखी एक. हॉटेलचा फ्रिज साधारण ५ अंशांच्या आत ठेवतात, डीप फ्रीझर उणे १८. केळं १३ अंशांच्या खाली गेलं की साल काळवंडते, हे तुमच्या घरात लहान पोरालाही माहीत. मी एकदा विद्यार्थी घेऊन एका कोल्ड रूममध्ये उभी होते. शेफनं विचारलं, "इथे सगळी फळं आहेत, केळी का नाहीत?" शहरातली हुशार पोरं गप्प. सावद्याकडची एक मुलगी हळूच बोलली, आणि नुसतं बोलली नाही, रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत, काय होतं तेही सांगून मोकळी झाली. त्या दिवसापर्यंत ती वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, इंग्रजीला घाबरून. शेफनं तिचं नाव लिहून घेतलं. पुढचं ट्रेनिंग तिनं तिथेच केलं. असं दर सहलीत घडत नाही, पण घडतं ते धक्क्यावर आणि किचनमध्येच.

अजिंठ्याचं तुमचं म्हणणं निम्मं मला पटतं. निम्मं नाही.

पटतं ते असं. जळगावहून पहूर, वाकोद ओलांडलं की फर्दापूर. दीड तासाचा रस्ता. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेली जागा आपल्या दाराशी, आणि आपली किती पोरं तिथे शाळेच्या सहलीनंतर पुन्हा गेली आहेत? पर्यटन शिकणाऱ्यानं तिथे चित्रं बघण्याआधी व्यवस्था बघावी. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर का अडवतात आणि शेवटचे चार किलोमीटर बसनं का नेतात. लेण्यांत उजेड इतका कमी का, फ्लॅश का चालत नाही, श्वासातल्या दमटपणानं भिंतीवरच्या रंगाला काय होतं. सोमवारी लेणी बंद असतात, आणि तरीही दर सोमवारी कुणीतरी कुटुंब सामानासकट तिथे पोहोचतं. ती चूक कुणाची? बुकिंग करणाऱ्याची, टॅक्सीवाल्याची, की पाहुण्यानं स्वतः बघायला हवं होतं? माझ्या मते पैसे ज्यानं घेतले त्याची, पण वर्गात यावर तास-तास भांडण होतं आणि व्हायलाच हवं.

शिवाय गोष्टी. रॉबर्ट गिल नावाच्या फौजी अधिकाऱ्यानं १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून त्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळून गेल्या. तो वारला १८७९ मध्ये, आणि त्याची कबर आहे आपल्या भुसावळला. रोज गाडी बदलायला भुसावळला उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? गाइड व्हायचं असेल तर अशा एका कबरीपासून अख्खा दिवस उभा करता येतो.

न पटणारं निम्मं हे, की अजिंठा एका दिवसात बघून होतो. सकाळी माणसं छत्रपती संभाजीनगरहून येतात, संध्याकाळी बहुतेक परत जातात. जळगाव स्टेशन तिथून जवळ असूनही बहुतेकांचा मुक्काम तिकडेच. असं का, हा प्रश्न तुमच्या मुलीनं स्वतःला विचारावा असाच आहे. पण त्याचं उत्तर शोधायला आधी मुक्काम विकणारं गाव बघायला हवं. गोव्यात पन्नास पावलांवर चार तऱ्हांची राहण्याची सोय असते, कुणाच्या घरातली एक खोली, जुन्या पोर्तुगीज वाड्यातलं होम-स्टे, पंचतारांकित रिसॉर्ट. तीच खोली नाताळात एका भावानं, जूनमध्ये त्याच्या कितीतरी खाली. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, पावसाळ्याआधी अख्खे उपसून ठेवतात आणि पाऊस सरला की पुन्हा उभे करतात. त्या चार महिन्यांत तिथला वाढपी, तिथला आचारी काय करतो, कुठे जातो? ज्याला कापसाचा आणि केळीचा हंगाम ठाऊक आहे, त्याच्या पोरीला हा हंगाम लवकर कळेल. आणि गर्दी जास्त झाली की गावाच्या पाण्याचं, कचऱ्याचं, जागेच्या भावाचं काय होतं, तेही तिथे डोळ्यांनी दिसतं. ते बघितलेली पोरगी उद्या तोरणमाळला किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या दिवसांत तंबू लावणाऱ्यांना चार शहाण्या गोष्टी सांगू शकेल. किंवा तुमच्याच बागेत दोन खोल्या काढा म्हणेल. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, तेव्हा दचकू नका.

आता तो फोन. तो मी का करायला सांगते, तर एक सहल मी स्वतः वाया घालवलेली आहे म्हणून. शिकवायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी ६० पोरं घेऊन निघाले. दोन दिवसांत नऊ ठिकाणं. पोरं बसमध्ये झोपायची, उतरून फोटो काढायची, परत झोपायची. एका हॉटेलच्या किचनमध्ये साठही जणांना एकदम घुसवलं. मागच्या चाळीस जणांना पुढच्यांच्या पाठी दिसल्या, आणि तिथल्या आचाऱ्याला आमचा इतका वैताग आला की दहा मिनिटांत बाहेर काढलं. त्याचं बरोबर होतं. परत आल्यावर अहवाल आले ते सगळे एकमेकांचे पाहून, एकीनं केलेली स्पेलिंगची चूक पुढच्या वीस अहवालांत तशीच्या तशी. कोल्ब नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९८४ मध्ये मांडलंय की अनुभवातून शिकण्याच्या चार पायऱ्या असतात. अनुभव घ्यायचा, मागे वळून बघायचं, त्यातून काही नियम काढायचा, तो पुन्हा करून बघायचा. आम्ही पहिल्या पायरीवरच डुलक्या घेतल्या. पैसे पालकांचे होते.

म्हणून सहलीच्या प्रमुखाला फोन करा आणि दिवसवार कार्यक्रम मागा. त्यात बघा, हॉटेलच्या आतल्या बाजूला एकूण किती तास आहेत, तिथे दाखवणारं माणूस कोण, आणि पोरांचे गट पाडलेत का. किचनमध्ये एका वेळी १५ च्या वर माणूस मावत नाही, काही म्हणा. रात्री अर्धा-पाऊण तास सगळ्यांनी बसून दिवसाचं बोलायचं असं ठरलंय का, तेही विचारा. बरोबर महिला प्राध्यापक किती, मुलींच्या खोल्या कशा, हे तुम्ही विचाराल हे मी गृहीत धरते. प्रमुखांनी सगळं नीट सांगितलं तर ठीक. "अहो, पोरं एन्जॉय करतील," एवढंच उत्तर आलं तर तुमच्या आईंचा प्रश्न त्यांच्या भाषेतच त्यांना ऐकवा.

मार्कांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात मुलगी बहुधा गल्लत करते आहे. सहल निराळी, एखाद्या हॉटेलला दिवसभराची भेट निराळी, आणि काही महिन्यांचं औद्योगिक ट्रेनिंग निराळं. ट्रेनिंग टाळता येत नाही. सहल अभ्यासक्रमात सक्तीची आहे का, आणि न येणाऱ्याला दुसरं कोणतं काम देणार, हे कॉलेजकडून लेखी घ्या. मार्कांच्या भीतीनं नेलेली सहल मला आवडत नाही.

आणि १६,५०० चं. या वर्षी भाव पडला असेल, कर्जावर कर्ज चढत असेल, तर पाठवू नका आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नका. त्याच्या चौथाईत तिचं बरंच काम होऊ शकतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आईंना बरोबर घेऊन तिनं फर्दापूरला एक रात्र मुक्काम करावा, पर्यटन महामंडळाचं निवास तिथे आहे. पाहुणी म्हणून राहावं, खोलीत काय आवडलं, काय खटकलं ते लिहावं. आईंचंही लिहावं, म्हातारं माणूस संडासातल्या निसरड्या फरशीबद्दल जे सांगतं ते कुठला सर्व्हे सांगत नाही. मग लग्नसराईत जळगावच्या एखाद्या केटररकडे चार दिवस जावं. पहाटे चारला आचारी हजार माणसांच्या वरण-बट्टीचा अंदाज कसा काढतो, डाळ किती भिजवतो, उरलं तर काय करतो, हे गोव्यातल्या कुठल्याही शेफच्या तोडीचं शिक्षण आहे. फक्त तो आचारी कुणाला सर्टिफिकेट देत नाही, एवढीच अडचण.

पण पैसे उभे राहत असतील तर गोवाच. ते चार दिवस नंतरही करता येतील.

मुलीला माझा एक निरोप द्या. मोबाइलवर नाही, खिशात मावेल अशी कागदाची वही ने. रोज रात्री झोपण्याआधी दोनच गोष्टी लिही, आज पाहुणी म्हणून मला काय खुपलं, आणि मागच्या बाजूला काम करणाऱ्या एका माणसाशी मी काय बोलले. त्या माणसाची पाळी किती वाजता सुटते, तो कुठल्या गावचा, हे विचारायला लाजू नकोस. ते सहसा मोकळेपणी बोलतात, त्यांना कुणी विचारत नाही म्हणून.

आणि भाऊ, ती परत आल्यावर "कसा होता गोवा?" असं विचारू नका, "मस्त" एवढंच ऐकू येईल. तिला विचारा, हॉटेलवाले केळी काय भावानं घेतात, कुठून घेतात, आणि किती फेकतात. सांगता आलं तर मलाही कळवा, मला ते खरंच जाणून घ्यायचंय. आईंना सांगा, सहा दिवस तिकडे मासे आणि पाव खाऊन पोरगी कळण्याच्या भाकरीसाठी भुकेजून येईल. वांगी आधीच सांगून ठेवा.